परिधावी संवत्सर, ‘शाहू छत्रपती’ आणि आमचा मोडी कागद : हे शाहू महाराज नेमके कोणते?

कोरेगावकर (प्रश्न)

नमस्कार. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात आहे. गावच्या घरी एका पितळी डब्यात कापडात गुंडाळून ठेवलेले दोन मोडी कागद आहेत. घराण्याचा कुलवृत्तांत छापायचे ठरल्यामुळे एका जाणकारांकडून त्यांचे बाळबोध लिप्यंतर करून घेतले. पहिला कागद इनामपत्र आहे आणि त्याची सुरुवात अशी आहे : ‘स्वस्ति श्री राज्याभिषेक शके ५… परिधावी नाम संवत्सरे कार्तिक शुद्ध द्वादशी… क्षत्रियकुलावतंस श्रीराजा शाहू छत्रपती स्वामी यांणी…’ शकाचा पाचाच्या पुढचा अंक आणि वाराचे नाव कसरीने खाल्ले आहे.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एवढेच सांगितले जात असे की ‘जमीन शाहू महाराजांनी दिली’. आमच्या आत्याबाईंनी हे शाहू महाराज म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी असे गृहीत धरून देवघराशेजारी त्यांची तसबीर लावली आहे. पंचांग पाहणाऱ्या काकांनी त्याला आधारही शोधला. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असते आणि १९१२-१३ या वर्षी परिधावी संवत्सर होते, म्हणजे राजर्षींचाच काळ, असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या चुलतभावाला मात्र हा कागद फार जुना वाटतो. त्याने शिक्क्याकडे बोट दाखवले, कारण त्यात ‘शाहू’ हे नावच नसून ‘शंभुसूनोरसौ मुद्रा शिवराजस्य राजते’ अशी अक्षरे वाचता येतात. आता काकांचे खरे मानावे की भावाचे?

याच कामात आणखी एक घोळ समोर आला आहे. कुलवृत्तांताच्या शेवटी छत्रपतींची यादी द्यावी म्हणून दोन पुस्तके पाहिली. एकात ‘शिवाजी दुसरे’ म्हणजे ताराबाईंचे पुत्र, तर दुसऱ्यात ‘शिवाजी दुसरे’ म्हणजे १८१३ साली वारलेले कोल्हापूरचे महाराज. दोन्ही पुस्तके बेजबाबदार वाटत नाहीत. मग चूक कोणाची?

मोडीवाचक

कागद साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांचा, म्हणजे शिवछत्रपतींच्या नातवाचा आहे. काकांचे गणित चुकलेले नाही, पण ते अर्ध्यावर थांबले आहे. साठ वर्षांचे चक्र फिरून येते एवढे त्यांनी लक्षात घेतले आणि ते किती वेळा फिरून आले हे पाहायचे राहून गेले. परिधावी संवत्सर १९१२-१३ मध्ये होते, १८५२-५३ मध्ये होते, १७९२-९३ मध्ये होते आणि १७३२-३३ मध्येही होते. आता गंमत पाहा. १७३२ साली साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते, १७९२ साली त्याच गादीवर दुसरे एक शाहू महाराज (राज्यकाळ १७७७ ते १८०८) होते, आणि १९१२ साली कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज (जन्म १८७४, निधन १९२२) होते. तीन शाहू आणि तिघांच्याही राज्यकाळात एकेक परिधावी! त्यामुळे राजाचे नाव आणि संवत्सराचे नाव एवढ्या दोन खुणांवर या कागदाचा काळ कधीच ठरणार नाही, कारण दोन्ही नावे पुन्हापुन्हा येणारी आहेत.

काळ ठरतो तो त्या उरलेल्या एकट्या पाचाच्या अंकावर. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, आनंदनाम संवत्सर, शके १५९६ रोजी, म्हणजे ६ जून १६७४ रोजी झाला आणि त्या दिवसापासून राज्याभिषेक शक मोजला जातो. राज्याभिषेक शकात १५९५ मिळवले की शालिवाहन शक येतो. १७३२-३३ म्हणजे शके १६५४, म्हणून राज्याभिषेक शक ५९. हाच हिशोब १७९२-९३ ला लावला तर ११९ येतो आणि १९१२-१३ ला लावला तर २३९ येतो. या दोन आकड्यांत पाच कुठेच नाही. पन्नास ते एकोणसाठ या दहा वर्षांतही परिधावी एकदाच येते, ते एकोणसाठाव्या वर्षी. म्हणजे कसरीने खाल्लेला अंक ९ आहे आणि आपला कागद १७३२ सालच्या कार्तिकातला आहे. कागद वैशाखातला असता तर थोडे जपून बोलावे लागले असते, कारण संवत्सर गुढीपाडव्याला बदलते आणि राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. त्यामुळे पाडव्यापासून त्या तिथीपर्यंतच्या कागदांत नवे संवत्सर आणि जुना शक अशी जोडी सापडते, आणि नवखा वाचक तिथे एक वर्ष चुकतो.

हिशोब बाजूला ठेवला तरी जागा साक्ष देतेच. साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी १८४८ साली खालसा केले. राजर्षींच्या काळात कोरेगाव तालुका इंग्रजी अमलाखालच्या सातारा जिल्ह्यात होता, आणि तिथली जमीन इनाम देण्याचा अधिकार कोल्हापूरच्या महाराजांना असणे शक्य नव्हते. एकाच नावाच्या दोन राजांमध्ये निवड करायची असेल तेव्हा ‘हे गाव त्या साली कोणाच्या मुलखात होते?’ हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो. पुष्कळदा कागद उलगडण्याआधीच निकाल लागतो.

आता शिक्का. आपल्या चुलतभावांची नजर चांगली आहे, फक्त त्या अक्षरांमुळे कागद शाहूंचा नसल्याची शंका घेण्याचे कारण नाही. पूर्ण मुद्रा अशी आहे : ‘वर्धिष्णुर्विक्रमे विष्णोः सा मूर्तिरिव वामनी । शंभुसूनोरसौ मुद्रा शिवराजस्य राजते ॥’ ही थोरल्या शाहू महाराजांचीच मुद्रा आहे. त्यांचे जन्मनाव शिवाजी होते. संभाजी महाराज आणि येसूबाई यांच्या पोटी १६८२ साली जन्मलेल्या या मुलाला आजोबांचे नाव ठेवले गेले. १६८९ च्या अखेरीस रायगड मोगलांच्या हाती गेल्यावर ते मातोश्रींसह कैदेत गेले, औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली सुटले, आणि या मधल्या काळात ‘शाहू’ हे नाव रूढ होऊन बसले. कागदाच्या मायन्यात प्रचारातले नाव आले आणि मुद्रेत जन्मनाव राहिले. ‘शंभूचा पुत्र शिवराज’ म्हणजे शाहू. शिवछत्रपतींच्या मुद्रेत ‘शाहसूनोः शिवस्यैषा’, म्हणजे शहाजींचा पुत्र शिव, असे आहे. दोन्ही मुद्रांतले शिव वेगळे आहेत आणि तो वेगळेपणा बापाच्या नावाने सांगितलेला आहे. ‘शाहसूनोः’ वाचले की आजोबा, ‘शंभुसूनोः’ वाचले की नातू.

पंचगंगाकाठ

मोडीवाचक यांनी पहिल्या प्रश्नाला हात घालायला काही शिल्लक ठेवले नाही, म्हणून मी दुसऱ्याकडे वळतो. ‘शिवाजी दुसरे’ या दोन्ही नोंदी बरोबर आहेत. चूक आहे ती त्या एकाच यादीतल्या नोंदी समजण्यात.

‘दुसरे’ हा आकडा माणसाचा नसतो, गादीचा असतो. रायगडापासून सरळ मोजत आलात तर शिवछत्रपती पहिले आणि राजाराम महाराज व ताराबाई यांचे पुत्र दुसरे. हे १७०० साली लहानपणीच गादीवर आले आणि १७१४ साली पन्हाळ्यावर झालेल्या घरच्याच उलथापालथीत पदच्युत झाले. पण कोल्हापूरची गादी स्वतंत्र धरून तिच्यापासून मोजणी सुरू केली, तर हेच ताराबाईंचे पुत्र तिथले पहिले शिवाजी ठरतात. मग दुसरे कोण? १७६० साली कोल्हापूरचे संभाजी महाराज निपुत्रिक वारल्यावर त्यांच्या राणी जिजाबाई यांनी दत्तक घेतलेले शिवाजी महाराज, ज्यांची कारकीर्द १७६२ ते १८१३ अशी प्रदीर्घ झाली. आपल्या दुसऱ्या पुस्तकाने ही मोजणी वापरली आहे. त्याच हिशोबाने १८३८ ते १८६६ या काळातले बाबासाहेब महाराज तिसरे शिवाजी आणि १८८३ साली अहमदनगरला ज्यांचा दुर्दैवी अंत झाला ते चौथे. शिवाय तंजावरचे भोसले आहेतच. तिथले शेवटचे राजे, १८५५ साली वारलेले, तेही शिवाजी.

संभाजी या नावाचेही तसेच आहे. शिवछत्रपतींचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीच्या वेढ्यात मारले गेले, पुतण्याला ते नाव मिळाले, आणि पुढे राजाराम महाराज व राजसबाई यांच्या मुलाचेही नाव संभाजीच. वारणेचा तह झाला तो या तिसऱ्या संभाजींशी, १७३१ साली. आपल्या इनामपत्राच्या आदल्याच वर्षी वारणेच्या उत्तरेचा आणि दक्षिणेचा मुलूख सातारा आणि कोल्हापूर यांच्यात अधिकृतपणे वाटला गेला होता, ही गोष्ट कुलवृत्तांतात एका वाक्यात द्यायला हरकत नाही.

घराण्यात नावांचा तुटवडा होता म्हणून हे घडले, असे समजू नये. नाव हा हक्काचा भाग होता. १७०० नंतरची परिस्थिती पाहा. मोगलांच्या छावणीत संभाजी महाराजांचे पुत्र शिवाजी, आणि पन्हाळ्यावर राजाराम महाराजांचे पुत्र शिवाजी. दोघेही शिवछत्रपतींचे नातू, दोघांचेही आजोबांच्या नावावर आणि त्या नावाबरोबर येणाऱ्या गादीवर हक्क. यातल्या एकाचे नाव व्यवहारात शाहू झाले नसते तर १७०७ नंतरच्या तंट्याचा इतिहास लिहिणाऱ्यांचे काय हाल झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

दत्तकविधानात तर नाव बदलणे हे विधीचेच अंग होते. राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी दत्तक विधान झाले आणि शाहू हे नाव मिळाले. बडोद्याचे सयाजीराव हे कवळाण्याचे गोपाळराव. मुलगा बाहेरून आला तरी नाव घराण्यातले ठेवायचे, म्हणजे गादी तुटली नाही असे जगाला दिसते. होळकरांकडे मल्हारराव, तुकोजीराव आणि यशवंतराव, नागपूरकर भोसल्यांकडे रघुजी, शिंद्यांकडे जनकोजी (एक पानिपतच्या लढाईत कैद होऊन मारले गेलेले, दुसरे १८२७ साली दत्तक आलेले) ही नावे फिरून फिरून येतात, त्यामागेही बव्हंशी हेच कारण आहे.

म्हणून माझी सूचना अशी की यादीत ‘दुसरे’, ‘तिसरे’ हे आकडे छापूच नयेत. कोणत्याही छत्रपतींनी आपल्या शिक्क्यावर आकडा कोरला नाही. तो पुढच्या इतिहासकारांनी सोयीसाठी लावला आहे. त्याऐवजी गादीचे गाव, वडिलांचे नाव आणि राज्यारोहणाचे वर्ष द्यावे. आमच्या कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयासमोर उभे राहून ‘हे राजाराम कोणते?’ असे विचारले तर दहा जणांत चार वेगवेगळी उत्तरे मिळतात. महाविद्यालय १८८० सालचे आहे आणि राजर्षींचे चिरंजीव राजाराम महाराज १८९७ साली जन्मले, एवढे सांगितले की एक उत्तर आपोआप बाद होते. ते नाव आहे १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स इथे तरुणपणीच निवर्तलेल्या राजाराम महाराजांचे.

कोरेगावकर

दोघांचेही मनापासून आभार. मूळ कागद भिंगाखाली पुन्हा पाहिला. खाल्लेल्या जागी खालच्या बाजूस एक छोटा वळसा शिल्लक आहे आणि तो मोडीतल्या नवाचा असू शकतो, असे लिप्यंतर करणाऱ्यांनीही दूरध्वनीवर मान्य केले. काकांनी हिशोब स्वतः करून पाहिला आणि ‘११९ मध्ये पाच नाही’ इथे आल्यावर वही मिटली.

आता दुसरा कागद. तो लहान आहे, बहुधा त्याच जमिनीबद्दल स्थानिक अधिकाऱ्याला दिलेली ताकीद असावी. त्यावर शिक्का असा वाचला गेला आहे : ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. सालाच्या जागी ‘सलास सलासीन मया व अलफ’ असे शब्द आहेत, ज्यांचा मला काहीच बोध होत नाही. पेशव्यांचे आडनाव भट असे शाळेत शिकलो होतो, मग हे ‘बल्लाळ’ कोण? आणि बाजीराव दोन होते, तेव्हा इथेही तोच पेच पडणार का?

शनिवारपेठ

पेच पडला असता, कारण शाहू आणि बाजीराव ही जोडीसुद्धा इतिहासात दोनदा आली आहे. पहिले बाजीराव १७२० ते १७४० या काळात पेशवे होते, तेव्हा साताऱ्यास थोरले शाहू महाराज. दुसरे बाजीराव १७९६ साली पेशवे झाले तेव्हाही साताऱ्यास शाहू महाराजच होते, फक्त ते दुसरे. त्यामुळे नुसते ‘राजा शाहू’ आणि ‘बाजीराव’ एवढेच वाचता आले असते तर शिक्क्यावरून कागद साठ-सत्तर वर्षे अलीकडे किंवा पलीकडे सहज सरकला असता.

आपली सुटका त्या ‘बल्लाळ’ने केली आहे. बल्लाळ हे आडनाव नव्हे. बाळाजी या नावाचे ते रूप आहे आणि इथे ते बापाचे नाव म्हणून आले आहे. बाजीराव बल्लाळ म्हणजे बाळाजींचे पुत्र बाजीराव. दुसरे बाजीराव राघोबादादांचे चिरंजीव, म्हणून ते ‘बाजीराव रघुनाथ’. पेशवाईच्या कागदांत आडनाव जवळजवळ येतच नाही. स्वतःचे नाव आणि लगेच बापाचे नाव एवढाच शिरस्ता आहे, आणि एकदा तो हाताला लागला की नामसाम्याची निम्मी भीती जाते. बाळाजी तीन घ्या. बाळाजी विश्वनाथ हे पहिले पेशवे, बाळाजी बाजीराव म्हणजे नानासाहेब पेशवे, आणि बाळाजी जनार्दन म्हणजे नाना फडणवीस. माधवराव दोन : थेऊरला १७७२ साली गेलेले ते माधवराव बल्लाळ आणि पुरंदरावर १७७४ साली जन्मलेले सवाई माधवराव ते माधवराव नारायण. नाटक-कादंबऱ्यांनी आपल्याला ‘थोरले’, ‘सवाई’, ‘दुसरे’ ही विशेषणे पाठ करून दिली. दप्तरातल्या कारकुनाला त्यांची गरज नव्हती.

सालाचे शब्द अरबी अंक आहेत. सलास म्हणजे तीन, सलासीन म्हणजे तीस, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, एकूण ११३३. हे शुहूर सन आहे. ते सूर्य मृग नक्षत्रात जातो त्या दिवशी बदलते, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यात ५९९ मिळवले की १७३२ येते आणि मृग ते मृग असे ते वर्ष १७३२-३३ होते. म्हणजे दोन्ही कागद एकाच वर्षातले आहेत, एकावर छत्रपतींचा शक आणि दुसऱ्यावर पेशव्यांच्या दप्तरातले शुहूर सन. पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून आणखी एक सांगतो. ‘मया व अलफ’ असेल तर कागद अठराव्या शतकातला, आणि ‘मयातैन व अलफ’ असेल तर १७९९-१८०० किंवा त्यानंतरचा. दुसऱ्या बाजीरावांच्या बहुतेक कारकिर्दीचे कागद या एका ‘मयातैन’ने ओळखू येतात.

नातवंड

शनिवारपेठ यांचे म्हणणे मान्य आहे, पण ‘बल्लाळ’वर इतकी भिस्त ठेवू नये, असे मला वाटते. बाजीराव बल्लाळ यांच्यातला बल्लाळ म्हणजे बाळाजी विश्वनाथ आणि माधवराव बल्लाळ यांच्यातला बल्लाळ म्हणजे बाळाजी बाजीराव. नाना फडणवीसांचे वडील जनार्दन बल्लाळ, आणि त्यांच्यातला बल्लाळ तिसराच, भानू घराण्यातले बाळाजी महादेव. चिमाजी अप्पांनाही चिमाजी बल्लाळ म्हटले जाई. म्हणजे बापाचे नाव कळले तरी तो बाप कोणता हा प्रश्न उरतोच, आणि अखेर साल पाहावेच लागते. चिमाजी अप्पा हे नावही एकट्याचे नाही : वसई जिंकणारे चिमाजी अप्पा १७४० च्या अखेरीस वारले, आणि १७९६ साली काही महिन्यांपुरते ज्यांना पेशवे केले गेले ते दुसऱ्या बाजीरावांचे धाकटे बंधूही चिमाजी अप्पाच.

नाना, दादा, भाऊ, अप्पा, आबा, तात्या ही टोपणनावे इतकी का रुजली, हेही याच प्रथेत दडलेले आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे, पण घरातल्या सुनांनी सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, अशी दुहेरी रीत होती. मग मुलाला हाक मारायची कशी? माझ्या आजीने माझ्या वडिलांना आयुष्यात एकदाही त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली नाही, कारण ते तिच्या सासऱ्यांचे नाव होते. ती ‘बाबू’ म्हणायची. शिधापत्रिकेवर नाव सांगायची वेळ आली तेव्हा तिने मला पुढे केले. शनिवारवाड्यातल्या बाळाजीचा ‘नाना’ झाला तो अशाच एखाद्या ओसरीवर झाला असेल. उपाय म्हणून आलेली ही नावे पुढे स्वतःच घोटाळ्याचे कारण झाली, ते वेगळे. पानिपतच्या वेळचे नानासाहेब पेशवे आणि १८५७ चे नानासाहेब पेशवे एकच समजणारे पदवीधर मला भेटले आहेत. अप्पासाहेब म्हणावे तर साताऱ्याचे शहाजी महाराजही अप्पासाहेब आणि नागपूरचे मुधोजी भोसलेही अप्पासाहेब.

स्त्रियांच्या नावांकडे आतापर्यंत कोणी वळले नाही, म्हणून तेवढे सांगते. शिवछत्रपतींच्या राण्यांत सकवारबाई आणि सगुणाबाई आहेत, आणि थोरल्या शाहू महाराजांच्या दोन राण्यांची नावेही नेमकी सकवारबाई आणि सगुणाबाई. वर उल्लेख आलेल्या कोल्हापूरच्या जिजाबाई या राजमाता जिजाऊंहून शंभर-सव्वाशे वर्षांनी अलीकडच्या. पुरुषांना मुद्रा होती, शक होता, बापाचे नाव जोडलेले होते. राण्यांचा उल्लेख बहुतेक कागदांत ‘मातोश्री’ किंवा ‘आईसाहेब’ एवढाच येतो आणि कोणत्या त्या, हे ज्याला पत्र लिहिले त्यालाच माहीत असे. नामसाम्याचे खरे अवघड कोडे तिथे आहे.

मोडीवाचक

‘बल्लाळ’विषयीची दुरुस्ती योग्य आहे. कोरेगावकर, आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. इनामपत्रात ज्यांना जमीन दिली त्यांच्या नावापुढे ‘बिन’ हा शब्द आहे का? बिन म्हणजे पुत्र, आणि त्याच्यापुढे बापाचे नाव असते. राजाची ओळख पटली, पण घेणाऱ्याची पटली का?

कोरेगावकर

नेमक्या जागी बोट ठेवलेत. आमच्या वंशावळीत मूळपुरुषाचे नाव तीन पिढ्यांच्या अंतराने तीन वेळा आले आहे आणि इनाम आम्ही सर्वांत जुन्या पुरुषाच्या नावावर लिहून मोकळे झालो होतो. ‘बिन’ पुढचे नाव पाहिल्यावर कळले की १७३२ सालचे इनामदार हे त्या नावाचे दुसरे पुरुष, पहिल्यांचे पणतू. कुलवृत्तांताची चार पाने पुन्हा जुळवावी लागणार आहेत. तिघांच्याही नावापुढे बापाचे नाव आणि ज्या कागदात उल्लेख सापडला त्या कागदाचे वर्ष देत आहोत. छत्रपतींच्या यादीतले आकडे काढून टाकले आहेत.

आत्याबाईंना सगळे समजावून सांगितले. राजर्षींची तसबीर काढायला त्यांनी साफ नकार दिला. साताऱ्याच्या शाहू महाराजांची एक तसबीर तिच्या शेजारी लावायला मात्र त्यांची हरकत नाही, फक्त खाली नाव लिहिताना ‘दोघांचे वेगवेगळे लिही’ अशी ताकीद मिळाली आहे.